गळ्याची राखण

छाया मखमलाबादची, फुलं पिकवणाऱ्या घरातली. शहाण्णव साली तिने नाशिकच्या एका कॉलेजात बी.ए.ला नाव घातलं, मराठी स्पेशल आणि संगीत जनरल. जनरल विषय म्हणजे ताटातलं लोणचं, नसलं म्हणून कुणी जेवण सोडून उठत नाही. बाकीच्या पोरी प्रॅक्टिकलला सढळ मार्क मिळतात म्हणून आल्या होत्या. छाया मात्र खरोखर गायला आली होती आणि सगळं तिथेच अडलं.

पहिल्याच आठवड्यात संगीताच्या बाईंनी तिचा आवाज ऐकून विचारलं, "इतका फाटलाय कशाने? काय करतेस घरी?" छायाने सांगितलं की सकाळी आईबरोबर गोदाकाठच्या फुलबाजारात बसते, गिऱ्हाइकांना हाका मारते. बाई रोखठोक होत्या. म्हणाल्या, "मग ओरडणं तरी सोड, नाहीतर विषय तरी बदल."

आई, नवसाबाई, हे हसण्यावारी नेईल असं छायाला वाटलं होतं. पण नवसाबाईने हातातल्या माळेला गाठ मारली आणि म्हणाली, "तू नको वरडू. मी हाय ना."

दुसऱ्या दिवसापासून ती माउली दोघींच्या वाटचं ओरडू लागली. छाया फुलं तोलायची, सुट्टे परत द्यायची, तोंडातून ब्र काढायची नाही. सवयीने कधी हाक निघालीच, तर नवसाबाई आपल्या ओठांवर बोट ठेवायची आणि मग तेच बोट लेकीच्या गळ्याकडे दाखवायची. शेजारी बसणारी कलाबाई म्हणायची, "लय नवलाची बाई हायेस. पोरीला मुकी ठिवून गाणं शिकिवती."

गंमत अशी की हे गाणं नवसाबाईने कधी ऐकलंच नाही. घरी तानपुरा नव्हता, रियाज सगळा कॉलेजात व्हायचा. एकदा तिने नुसतं विचारलं होतं, "काय गाती गं तू?"

"यमन."

"चांगला असंल," नवसाबाई म्हणाली आणि कामाला लागली.

तिसऱ्या वर्षी दिवाळीत नवसाबाईचा घसा बसला. आल्याचा चहा झाला, हळदीचं दूध झालं, घसा काही मोकळा होईना. घरात कुणी ते मनावर घेतलं नाही. छायाने तर नाहीच, तिच्या डोक्यात प्रॅक्टिकल होतं. ते नेमकं गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आलं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी बाजार माणसांनी फुलला होता. झेंडूची चार मोठी गाठोडी समोर मोकळी केली होती. नवसाबाईने हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. गिऱ्हाईक पुढे कलाबाईकडे वळू लागलं. नवसाबाईने छायाकडे पाहिलं. त्या दिवशी तिचं बोट ओठांवर गेलं नाही. ती फक्त पाहत राहिली, वाट पाहत राहिली.

छायाला सगळं कळलं होतं. तिने मान खाली घातली आणि मांडीवरची रागांची वही उघडली.

थोड्या वेळाने नवसाबाईने एक वजन उचललं आणि तराजूच्या पारड्यावर ठण्‌ठण्‌ वाजवायला सुरुवात केली. निम्मा माल संध्याकाळी तसाच गोणपाटाखाली राहिला.

प्रॅक्टिकल छान झालं. बाहेरून आलेले परीक्षकही खूश झाले. पुढे मार्कशीट आली, तेव्हा त्यात संगीताची एक ओळ होती, तळाकडे.

नवसाबाईचा घसा मात्र त्यानंतर उघडलाच नाही. पावसाळ्यात मुंबईला नेलं, कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, जीव वाचला आणि आवाज गेला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर ती मऊ फडकं बांधायची. डॉक्टर म्हणाले, मिसरीने झालं. छायाला ते पटलं नाही, आजही पटत नाही.

लग्न होऊन ती इंदिरानगरला गेली, एका शाळेत मराठी शिकवू लागली. गाणं सुटलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं. सा लावला की पुढे गाववत नसे, एवढंच.

पाचेक वर्षांनी पाडव्याच्या आदल्या दिवशी ती बाजारात गेली. नवसाबाई त्याच जागेवर बसून पारडं वाजवत होती. गर्दीच्या गलक्यात ते कुणालाच ऐकू जात नव्हतं. छायाने पदर खोचला, आईच्या शेजारी बसली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "झेंडू घ्या, ताजा झेंडू!"

दोन बायका थांबल्या. नवसाबाईने दचकून लेकीकडे पाहिलं. हातातलं वजन खाली ठेवलं, ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट छायाच्या गळ्याकडे दाखवलं.

मग वजन उचलून ती पुन्हा पारडं वाजवू लागली.