पडद्यावरचा होकार

मी तेव्हा रत्नागिरीच्या बाल न्याय मंडळावर होते. मंडळात मॅजिस्ट्रेटसाहेब आणि आम्ही दोन समाजकार्यकर्ते. मुलींना घाटावरच्या निरीक्षणगृहात ठेवत. तारखेला मुलगी आणायची म्हणजे सोबत महिला पोलीस, दिवसभराची एसटी आणि वळणांवर हमखास उलट्या. म्हणून दोन हजार सालानंतर काही वर्षांनी व्हिडिओवरून सुनावणी घ्यायचं ठरलं, तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. कचेरीतल्या एका खोलीत टीव्ही आला. त्याच्यावर कॅमेरा बसला.

माझ्यासमोर तशी पहिली सुनावणी झाली ती चौदा वर्षांच्या एका मुलीची. ती आणि तिची आई पावसजवळच्या एका आंब्याच्या बागेत हंगामाचं काम करायच्या आणि बागेतल्याच मांगरात, राखणीच्या खोपटात, राहायच्या. पेट्यांत घालायचा पेंढा ठेवलेल्या पडवीला आग लागली. मुलगी हातात काडेपेटी घेऊन पळताना मालकानं पाहिली. त्यानं तक्रार दिली आणि आईला बागेतून काढलं. आईला राहायला जागा उरली नाही, तेव्हा मुलगी तिच्या ताब्यात द्यायची कशी? ती घाटावर गेली.

तारखेला आई आली. पडद्यावर मुलगी दिसली. चेहरा मोठा, चित्राच्या कडा फुटलेल्या, नजर खाली.

आई मला हळूच म्हणाली, "ती माझ्याकडे बघत नाय."

यंत्र लावणाऱ्यानं समजावलं, "तिकडेही कॅमेरा वर आहे. ती टीव्हीत तुम्हालाच बघतेय, म्हणून खाली बघितल्यासारखं वाटतं."

साहेबांनी विचारलं, "आवाज येतोय का?"

जरा वेळानं उत्तर आलं, "हो."

"पेंढ्याला आग तू लावलीस?"

"हो."

"मालकाच्या रागानं लावलीस?"

"हो."

साहेब ते लिहून घ्यायला सांगू लागले. आई उभी राहिली. "असं ती करायची नाय, साहेब."

"ती स्वतःच सांगतेय, बाई."

मला त्या तिन्ही होकारांचा सूर एकसारखा वाटला. साहेबांची परवानगी घेऊन मी विचारलं, "तू आज जेवलीस का?"

"हो."

"काय जेवलीस?"

"हो."

साहेबांनी लिहिणाऱ्याला हातानं थांबवलं. मग पडद्यात बाजूनं तिथल्या काळजीवाहक बाई आल्या आणि कॅमेऱ्याजवळ तोंड नेऊन मोठ्यानं म्हणाल्या, "इथे आवाज तुटतोय. काही कळत नाही. साहेब थांबले की हो म्हण, असं मीच सांगितलंय तिला."

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. साहेबांच्या पुढ्यात मुलगी गप्प दिसू नये, एवढंच. साहेबांनी लिहिलेलं खोडायला सांगितलं आणि मुलीला प्रत्यक्ष आणण्याचा आदेश दिला.

पुढच्या तारखेला ती एसटीनं आली. चेहरा उतरलेला, हातात वास घ्यायला दिलेलं अर्धं लिंबू. साहेबांनी तिला टेबलाजवळ बसवलं आणि पाणी दिलं. बराच वेळ ती आईकडेच बघत होती. मग बोलली.

"पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचं पोळं होतं. आईला दोनदा डसल्या. हात सुजला तरी मालक म्हणाला, पेट्या भर. म्हणून पोळ्याला काडी लावली. पेंढा पेटंल असं मनात नाय आलं."

"मग पळालीस का?"

"माश्या पाठी लागल्या."

साहेबांना हसू आलं. ते त्यांनी खोकून घालवलं.

"मला का नाय सांगितलंस?" आईनं विचारलं.

"तू विझवत होतीस. मग पोलीसच आले."

मधल्या दिवसांत आईनं नाटे गावी आपल्या भावाकडे राहायची सोय केली होती. मंडळानं मुलीला समज देऊन आईच्या स्वाधीन केलं. मालक कुरकुरला, पण पुढे गेला नाही.

यंत्र चालूच राहिलं. मात्र साहेब त्यावरून फक्त पुढची तारीख द्यायचे; मुलाचं म्हणणं घ्यायचं असलं की समोर बोलवायचे. पुढे त्यांची बदली झाली. नव्या साहेबांना ही गोष्ट मी सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि यंत्राचा आवाज आता सुधारलाय म्हणाले. तो खरंच सुधारला होता.