माह्या खाटेवरच्या वड्या

लिही बेटा. दुकाळाच्या दुसऱ्या साली कामठ्यात माह्या सासूनं, दुलारीबाईनं, घरातले सारे उडीद वाटून कोहळ्याच्या वड्या घातल्या. येत्या पावसाळाभर भाजी म्हणून त्याच पुरवायच्या होत्या. पण पौषात वादळ आलं, गारा पडल्या, दोन दिवस ऊन नाही. ओल्या वड्या आंबाले लागल्या.

सासरे बिसनलाल म्हणाले, "टाक ढोराईले."

"तुमाले थंडी वाजली त टाकू का ढोरापुढं?" सासू कडाडली.

तुहा बाप तवा आठ दिवसाचा होता. माह्या खाटेखाली निखाऱ्याची गोरशी ठेवून मले शेकत. सासू म्हणे, "पोरी, लेकराले घेऊन चुलीपाशी बस." खाटेवर कपडा आंथरून तिनं वड्या पसरल्या, निखारे विझूच देल्ले नाही. तिसऱ्या दिवशी वड्या खडखड वाजल्या.

आषाढात सासऱ्यानं त्याच वड्याईचा रस्सा दुसऱ्यांदा मागितला. सासू म्हणे, "थांबा, पहिले ढोरं जेवू द्या."