टोळीत एक बाई लेकरांसाठी

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या गावची ऊसतोड टोळी कारखान्याला निघायची होती. यंदा पाऊस नाही, म्हणून तान्ह्या लेकरांच्या आयाही निघाल्या.

शेजारच्या रुक्मीणला मी कधीची सांगत होते, "दीड वर्षाची पोर फडात नेऊ नकोस. माझ्या पाळणाघरात ठेव."

ट्रकपाशी ती म्हणाली, "ताई, तुमच्याकडं सुखानं ऱ्हाईल. पर हंगाम सरल्यावर मला वळखंल का?"

घरी सासूजवळ ठेवावी, तर तिच्या सासूला नीट दिसत नाही. फडात तोड चालू असताना लेकराकडं बघायला कुणालाच उसंत नसते.

मग आम्ही बायकांनी मुकादमाला सांगितलं, "एक बाई ऊस तोडणार नाही. मुक्कामाच्या झोपड्यांत, कोपीवर, सगळी लेकरं सांभाळील. तिची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची."

"बसून खाणारी बाई कुणाला परवडंल?" मुकादम म्हणाला.

"मंग तुमीच सांभाळा की, मामा," रुक्मीण म्हणाली. "दिवसभर बाजंवरच असता!"

सगळे हसले, पण तो ऐकेना. तशा लेकुरवाळ्या ट्रकमधून उतरल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. बायको नसली तर जोडी मोडते, मुकादमाचं काम अडतं. दुपारी मुकादम कबूल झाला. टोळीतली कोंडाबाई लेकरांसाठी ठरली, आणि रुक्मीण पोरीला घेऊन निघाली.

माझ्याकडे पोर जास्त सुरक्षित राहिली असती, असं मला अजूनही वाटतं. पण निवड तिच्या आईची आहे, आणि ती निभावणं आपल्या सगळ्यांचं काम आहे. उद्या मी हेच सांगायला शेजारच्या गावातल्या टोळीकडे जाणार आहे.

तुमच्या गावच्या ट्रकपाशी जाऊन विचाराल का, लेकरं कोण सांभाळणार?