विकतचं ताक

माझ्या माहेरी, तिसगावजवळच्या वस्तीवर, गोठ्यात पाच जर्सी गाई आहेत आणि चहाला दूध येतं दुकानातल्या पिशवीचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी हसले होते. आता चिडचिड होते.

आम्ही लहान असताना बाजारातून मीठ, चहा-साखर, रॉकेल आणि दिवाळीला कापड, एवढंच यायचं. गाय एकच, तीही मनात असेल तेव्हाच दूध देणारी. पण ताक घरचं. आईची रवी थांबली की वस्तीवरच्या बायका तांब्या घेऊन दारात. ताकाचे पैसे घेतात हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. आईला त्याचा केवढा तोरा होता!

आता दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. त्यातून पोरांच्या शाळेची गाडी, मोबाईलचे रिचार्ज, पिण्याच्या पाण्याचे जार. "लिटरभर ठेव की घरात," म्हटलं तर भाऊ म्हणतो, "तायडे, तुला काय जातंय बोलायला? पगार कमी आला तर तू भरनार हायेस का?" त्याचंही खोटं नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

परवा दुपार टळताना शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या मालकांचं पोट बिघडलेलं. "वाईच ताक दे गं, तुझ्यासारखं कुनाचं न्हाई," आईला म्हणाल्या. आईने त्यांना ओट्यावर बसवलं, आत येऊन माझ्या हातात पैसे कोंबले आणि मला मागच्या दाराने दुकानात पिटाळलं. ताकाला जाऊन भांडं लपवतात म्हणे. आमच्याकडे ताक देणारीच पिशवी लपवत होती. मी आणलेलं ताक आईने काकूंच्या तांब्यात ओतलं, वर पाणी घालून ढवळलं आणि बाहेर नेलं.

काकूंना वासावरूनच कळलं.

"माझ्यापायी इकत आनलंस व्हय?" त्यांनी कनवटीची वीसची नोट काढून ओट्यावर ठेवली. आई "अगं, पैसं कशाला" म्हणेपर्यंत त्या तांब्या घेऊन निघाल्याही.

नोटेला आई हात लावेना. तेवढ्यात भाऊ कॅन घेऊन आला. "बरं झालं, सुट्टंच पायजे हुतं," म्हणत त्याने ती खिशात घातली आणि गाडीला किक मारली. मी त्याच्यामागे ओरडणार, तेवढ्यात आईने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या कुनी ताकाला आलं, तर आई घरी न्हाई म्हनून सांग."