किल्ली कुणाच्या कमरेला

माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. माझे आईबाबा दोघंही चळवळीतले. सतरंजीवर आधी पत्रकांच्या घड्या घालून व्हायच्या, मग ताटं मांडली जायची. ‘घर दोघांचं, काम दोघांचं’ ही ओळ मी बाराखडी पुरी व्हायच्या आधीच वाचायला शिकले असेन. अशी मी, लग्न करून अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावात आले आणि स्वतःच्याच घराची बेल वाजवू लागले.

कारण साधं होतं. घराच्या किल्ल्या दोनच. तिसरी करायची तर घरमालकाकडचं कार्ड दुकानात दाखवावं लागतं, आणि घरमालक उत्तरच देत नव्हता. एक किल्ली नवऱ्याकडे. दुसरी माझी. उन्हाळ्यात सासूबाई राहायला आल्या, त्यांना दुपारी फिरायला जाता यावं म्हणून मी माझी दिली, आणि ती त्यांच्या चांदीच्या छल्ल्यात अडकून कमरेला गेली, नाशिकच्या कपाटाच्या आणि कोठीच्या किल्ल्यांशेजारी. मी भाजी घेऊन यायचे, सायकल लावायचे, बेल दाबायचे आणि जिन्यावरून उतरणारी छुमछुम ऐकत दाराबाहेर उभी राहायचे. छल्ला म्हणजे चांदीची बेडी, असं मी एका लेखात लिहिलं होतं. आजही लिहीन. पण ती बेडी माझ्या कमरेला का नाही, म्हणून मी जळत होते.

एका रविवारी नवऱ्यानं आम्हा दोघींना वायकिंग छावणी बघायला नेलं. हूफडॉर्पच्या पुढे, शेतात तंबू ठोकून हौशी डच मंडळी हजार वर्षांपूर्वीचं जगणं करून दाखवत होती. ढाली घेऊन ओरडणाऱ्या पुरुषांकडे नवरा ओढला गेला. एका तंबूपुढे लोकरी झग्यातली बाई टकळीवर सूत कातत होती. तिच्या कमरेला लोखंडी किल्ल्यांचा जुडगा. सासूबाई थबकल्या. पदर बाजूला करून त्यांनी आपला छल्ला दाखवला. बाई उठून उभीच राहिली. दोघी एकमेकींच्या किल्ल्या न्याहाळत हसल्या. मला दोघींचाही राग आला.

दुभाषी मीच. बाई इंग्रजीत सांगत होती, की उंबऱ्याबाहेरचं सगळं, म्हणजे जहाज, लढाई, पंचायत, पुरुषाचं. आतलं धान्य, दूध, कापड बाईचं. नवरा समुद्रावर गेला की शेतीही तीच बघायची. नाही पटलं तर साक्षीदारांपुढे सांगून ती नवरा सोडूही शकायची. किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईसाठी त्यांच्यात एक मानाचा शब्द होता. त्याला मराठीत काय म्हणावं? ‘कोठीवाली’ म्हटलं असतं तर सासूबाई खट्टू झाल्या असत्या, आणि मला ते हवंच होतं. पण शब्दाशी लबाडी करायला मला कुणी शिकवलेलं नाही.

“घरधनीण,” मी म्हणाले.

सासूबाईंनी छल्ल्यावर हात ठेवला. “म्हणजे मी.”

मग मात्र मी विचारलं, की त्या घरात दळायचं कोण. बाईनं टकळी थांबवली. दासी, ती म्हणाली. लुटीत धरून आणलेल्या, नाहीतर विकत घेतलेल्या. मी तेही मराठीत सांगितलं, जरा मोठ्यानंच. “दळायला दासी होती. तिला किल्ली नसायची.”

परतीच्या बसमध्ये नवरा ढालींबद्दल बोलत राहिला. थांब्यावर उतरून तो दूध आणायला गेला. आमच्या दारापाशी सासूबाई वळल्या.

“दासी मला म्हणालीस?”

“तुम्हाला नाही, आई. स्वतःला म्हणाले.”

“माझ्या सासूनं हा छल्ला दिला तेव्हा माझे केस पिकले होते. तोवर साखरसुद्धा मागून घ्यायचे. तुला चार दिवस बेल वाजवावी लागली तर लगेच दासी झालीस होय गं?”

“चार दिवस तरी का? आणि तुम्ही तरी केस पिकेपर्यंत का थांबलात?”

त्यांनी नखानं कडी उचकटून दाराची किल्ली सोडवली आणि माझ्या हातावर ठेवली. ती त्यांच्या अंगाच्या उबेनं गरम होती. मी दार उघडलं, बाजूला झाले, आणि त्या आधी आत गेल्या.

किल्ली मी जीन्सच्या खिशात टाकली; तिथे ती मुकी झाली. माझ्यापुढे जिना चढताना त्यांच्या कमरेला नाशिकच्या किल्ल्या वाजत होत्या, ज्यांचं एकही कुलूप या देशात नाही. दार माझं झालं होतं. तो आवाज त्यांचाच राहिला, आणि त्याचा हेवा काही जाईना.