न तपासलेला पापुद्रा

ताईच्या उजव्या डोळ्यात चुना गेला तो ट्यूबमधून. भावोजी तंबाखू मळायला बसले होते. ट्यूबचं तोंड सुकून बंद झालं होतं. त्यांनी ती ताईकडे दिली, कारण घरात सुया तिच्याकडे असतात. तिने ट्यूबच्या तोंडात सुई खुपसली आणि ट्यूब दाबली.

डोळा राहिला, पण बुबुळावर पांढरट साय धरली. त्या डोळ्याने तिला उजेड आणि अंधार एवढंच कळू लागलं. भावोजींनी तंबाखू सोडली.

ताई नारायण पेठेत ब्लाउज शिवते. एका डोळ्याने मशीन चालवता येतं. सुईत दोरा मात्र ओवता येत नाही, कारण दोरा भोकापाशी आहे की भोकाच्या पुढे, हे कळत नाही. म्हणून भावोजी सकाळी कामावर जाण्यापूर्वी त्या दिवसाच्या कापडांच्या रंगांप्रमाणे सुया ओवून टाचण्यांच्या उशीला टोचून ठेवत. दिवसापुरत्याच. "ऑपरेशन होईपर्यंत," असं ते म्हणत.

ऑपरेशनची तयारी सुरू झाली होती. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी ताईच्या चांगल्या, म्हणजे डाव्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेचा कणभर तुकडा घेतला होता. खराडीच्या प्रयोगशाळेत त्यातून पेशी वाढवून त्यांचे दोन पातळ पापुद्रे तयार करायचे होते. एक डोळ्यावर बसवण्यासाठी, दुसरा तपासणीसाठी. तपासायचा पापुद्रा रंगात बुडवतात आणि त्यात त्याच्या पेशी मरतात. म्हणजे डोळ्यावर जो बसतो तो कधीच पूर्ण तपासलेला नसतो. त्याचा जुळा तपासलेला असतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवरच्या सवयीने मी हे डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं. उत्तर दोन्ही वेळा तेच आलं.

पापुद्रे तयार झाल्यावर डॉक्टरांचा फोन आला. तपासणीत पापुद्रा नापास झाला होता, ऑपरेशन रद्द. भावोजींचे प्रश्न संपेनात, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आपण तिथेच जाऊन बोला. मी सांगून ठेवतो."

आम्ही तिघे खराडीला गेलो. लिफ्टमध्ये गळ्यात ओळखपत्रं घातलेली मुलं जेवायला कुठे जायचं यावर वाद घालत होती. तपासणी करणाऱ्या बाईंनी आम्हाला प्रयोगशाळेबाहेरच्या छोट्या खोलीत बसवलं. पेशंटना त्या एरवी भेटत नाहीत, हे त्यांनी आधीच सांगितलं.

"जंतू नाहीत. पेशी जिवंत होत्या. थरही सलग आहे," त्या म्हणाल्या. "मूळ पेशी कमी आहेत."

"म्हणजे काय?" भावोजींनी विचारलं.

"बुबुळावरच्या पेशी सतत झडतात. मूळ पेशी नव्या तयार करतात. त्या पुरेशा नसल्या तर काही महिने बरं दिसेल, मग पुन्हा साय धरेल."

"हे तपासलेल्याचं झालं. दुसऱ्याचं काय?"

"तो तपासलेला नाही."

"मग तो चांगला असेल की!"

"असेलही."

"मग बसवा ना, मॅडम. तपासलाच नाही, तर नापास कसा?"

"तपासला नाही म्हणून पासही नाही."

तो दाखवा तरी, असं भावोजी म्हणाले. बाई आत गेल्या आणि त्यांनी त्याचं सूक्ष्मदर्शकातलं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. फरशी बसवावी तशा पेशी एकमेकींना चिकटून होत्या. कुठे फट नव्हती.

"बघा, किती सुबक आहे," भावोजी म्हणाले.

"वरून पाहिलं तेव्हा नापास झालेलाही असाच दिसत होता."

ताई उठली, पडद्याजवळ गेली आणि मान वळवून डाव्या डोळ्याने बघत राहिली.

"अहो, लाल अस्तरवाली बाई आठवते का?" तिने विचारलं.

"कोण?"

"तिच्या अस्तराचा तुकडा कापून मी भिजवला होता. त्याचा रंग गेला. ती म्हणे, तुकड्याचाच गेलाय, बाकीचं कापड चांगलं असेल, शिवा."

"अगं, मग?"

"मी शिवलं का?"

"ते कापड होतं."

"हो ना. कापड दुकानदार बदलून तरी देतो."

बाईंनी सांगितलं की काही महिन्यांनी डाव्या डोळ्याचा पुन्हा कणभर तुकडा घेता येईल. त्यातूनही पुरेशा मूळ पेशी मिळतील याची खात्री नाही.

"आणि त्या डोळ्याला काही झालं तर?" ताईने विचारलं.

"सहसा होत नाही."

"ट्यूबमधला चुनाही सहसा उडत नाही," ताई म्हणाली. ती पडद्याकडेच बघत होती. भावोजींनी मान खाली घातली. "डाव्याला आता हात लावायचा नाही. एवढाच आहे तो."

निघताना तिने विचारलं, "ह्या पापुद्र्याचं आता काय करता?"

"पिवळ्या पिशवीत जातो. जाळायच्या कचऱ्यात."

"आजच?"

"आजच."

बसमध्ये भावोजी तिच्या उजव्या बाजूला बसले. अपघातापासून ते तिथेच बसतात, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूने तिला कोणाचा धक्का लागत नाही.

घरी आल्यावर चहा झाला. भावोजींनी चष्मा लावला, उशी पुढे ओढली आणि उद्या कोणते रंग आहेत ते विचारलं.

ताईने दोऱ्यांचा अख्खा डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि सुयांचं न फोडलेलं पाकीटही.

"सगळेच ओवून ठेवा," ती म्हणाली.

त्यांनी पाकीट फोडलं. मी दिवा लावला.