फाटलेल्या पानांपुढची गोष्ट

जुन्या पुस्तकाचा कुबट वास आला की चाकणची खोली आठवते. नववीत शाळा सोडून मी परभणीहून आलो होतो. ज्याने मला कंपनीत चिकटवलं, त्या गाववाल्याची आणि माझी कॉट एकच. तो फर्स्ट शिफ्टला, मी सेकंडला. कंपनीच्या एका गुरुवारच्या साप्ताहिक सुट्टीत कासारवाडीच्या रद्दीवाल्याकडून दोघांत मिळून अंतराळवीराची एक जाडजूड कादंबरी आणली. मी अडखळत वाचायचो, आणि खुणेला ठेवलेलं त्याचं बसचं तिकीट रोज माझ्या कितीतरी पुढे दिसायचं. जीव नुसता जळायचा. शेवटी मीही त्या तिकिटापर्यंत पोचलो, तर पुढची पानंच फाटलेली. मी रडकुंडीला आलेला बघून त्याने शेवट सांगितला: यान परत येतं, पण अंतराळवीर उतरत नाही, वरूनच गावाचे दिवे बघत राहतो. "तुला कुठं मिळाली पानं?" "मिळतात कुठं राव, रचलं मीच. तुझं तोंड बघवंना." त्याचे उपकार मानायचे सोडून मी मनात म्हणालो, हे याला सुचलं, मला का नाही? परवा त्या कादंबरीची धड प्रत सापडली. लेखकाने अंतराळवीराला सरळ घरी पोचवलंय. मला मित्राचाच शेवट खरा वाटतो, आणि अजूनही त्याच्यावर जळायला होतं.